नडीतद

सोलापूरच्या बाळी वेशीत बिराजदारांच्या गुळाच्या दुकानापुढं एक लाकडी बाकडं होतं, आणि त्या बाकड्यावर रोज सकाळी अख्ख्या राज्याचा कारभार चालायचा. कारभारी दोघंच. एक शिवपुत्र मास्तर, कानडी शाळेतून रिटायर झालेले. ते पेपर मोठ्यानं वाचायचे. दुसरी अक्कम्मा, दुकानाची मालकीण. ती निकाल द्यायची.

अक्कम्माला वाचता यायचं ते कानडी, तेही तिसरीपर्यंतचं, अक्षराला बोट लावून. मराठी बोलायला मात्र तिच्यासारखं खडखडीत त्या वेशीत कुणी नव्हतं. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. दुकान तिनं उभं ठेवलं, मुलाला, मल्लप्पाला, गल्ल्यावर बसवलं, तीन पोरी उजवल्या, आणि हे सगळं कुणापुढं हात न पसरता केलं. कुणाला माहीत नसलं तर ती स्वतः सांगायची. माहीत असलं तरी सांगायची.

साल त्र्याहत्तर. दोन पावसाळे कोरडे गेलेले. पेपरात दुसरं काही नसायचंच.

"मंत्रिमहोदयांनी दुष्काळी भागाची पाहणी केली," मास्तर वाचायचे. "सोबत अकरा मोटारी होत्या."

"का? एका मोटारीतनं दुष्काळ कमी दिसतो व्हय?"

"पुढं ऐका की, अक्का. जे काम करू शकत नाहीत अशा वृद्धांसाठी गावोगाव फुकट अन्नकेंद्रं उघडणार, असं सरकारनं जाहीर केलं."

मग अक्कम्मा मांडी बदलायची. याचा अर्थ निकाल लांबणार.

"काम द्या म्हणावं. खडी फोडून घ्या, तळी खणून घ्या, त्याला माझी ना न्हाय. घाम गाळला की भाकरी गोड लागती. पण फुकट? फुकटाचं एकदा तोंडाला लागलं की माणूस उठत न्हाय तितनं. आणि म्हातारी कुणाची हो, मास्तर? आई तुमची, आत्या तुमची, आणि पेज पाजायची सरकारनं? आपल्या माणसाला आपण बघावं की! उद्या म्हणशीला, सरकारनं नाकबी पुसावं."

मास्तर हसायचे. मल्लप्पा आतून म्हणायचा, "अव्वा, तू निवडणुकीला उभी राहा."

"राहीन की. पण मग मोटार कोण चालवणार, तू? तुला सायकल येत न्हाय."

एवढं झालं की राज्य त्या दिवसापुरतं मार्गी लागायचं आणि अक्कम्मा गुळाच्या ढेपी मोजायला आत जायची.

तिचं माहेर वळसंगच्या पलीकडं, कानडी बोलणारं लहानसं गाव. चैत्रात तिथं जत्रा असायची, आणि जत्रेला ती दरवर्षी जायची. त्या वर्षीची जत्रा कोरडीच होती. पालखी निघाली तीही चार माणसांच्या खांद्यावर, बाकीचे गडी सगळे दुष्काळी कामाला गेलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीतून रावजी नावाचे भाऊसाहेब आले, काखेत जाड वही घेऊन. ते माढ्याकडचे. कानडीचा गंध नाही. तलाठी रजेवर. म्हाताऱ्याकोताऱ्यांची यादी करायची तर बोलायचं कसं?

ईश्वरप्पा, अक्कम्माच्या भावाचा मुलगा, पुढं होऊन म्हणाला, "आमची आत्या हाय की. मराठी असं बोलती, वकील थांबून ऐकतो."

अक्कम्मानं पदर सारखा केला आणि बसवण्णाच्या देवळाच्या कट्ट्यावर भाऊसाहेबांच्या शेजारी जाऊन बसली. समोर खाली, खांबांच्या सावलीत, गावातली चौदा म्हातारी माणसं ओळीनं बसली होती. भाऊसाहेब म्हणाले, दहा नावं निघाली तर या गावाला चूल मिळेल. दोन वेळचं शिजवलेलं अन्न, इथंच देवळाच्या मागं.

ओळीत पहिली होती दाक्षायणी.

दाक्षायणी अक्कम्माची बालमैत्रीण, दोन वर्षांनी लहान. दोघी याच कट्ट्यावर गजगे खेळत मोठ्या झाल्या. दाक्षायणीला गावातच दिली. नवरा गेला, मुलगा कामाला म्हणून गेला तो परत आलाच नाही, जमीन कधी नव्हतीच. देवळाच्या मागं एका खोपटात राहायची. हे अक्कम्माला माहीत होतं. दर जत्रेला ती खोपटाच्या दाराशी उभी राहून विचारायची, "काय दाक्षू, कसं काय?" आणि दाक्षायणी म्हणायची, "नडीतद, अक्का." चाललंय. मग अक्कम्मा गुळाचा एक खडा तिच्या हातावर ठेवून पुढच्या घरी जायची.

"या आजींना विचारा," भाऊसाहेब म्हणाले, "घरात बघणारं कुणी आहे का, आणि खाण्यापिण्याचं कसं आहे?"

अक्कम्मानं कानडीत विचारलं.

दाक्षायणीनं भाऊसाहेबांकडं पाहिलं नाही, अक्कम्माकडं पाहिलं. डोक्यावरचा पदर पुढं ओढला, जराशी हसली, आणि म्हणाली, "नडीतद, अक्का."

भाऊसाहेबांची मान लगेच हलली. "नड आहे म्हणतात ना? कळलं, कळलं. एवढी कानडी मलाही कळते. लिहितो. दाक्षायणी... नवऱ्याचं नाव काय?"

देवळात हसू पिकलं. सगळ्यात मोठ्यानं अक्कम्मा हसली.

"अहो भाऊसाहेब, थांबवा ती लेखणी! नड न्हवं. कानडीत नडी म्हंजे चालणं. नडीतद म्हंजे चाललंय. बरं चाललंय म्हणती ती. तुमच्या मराठीनं चांगल्या बाईला भिकेला लावली की."

"म्हणजे, नको म्हणतात?"

अक्कम्मानं क्षणभर खाली पाहिलं. दाक्षायणीची मान वाकलेली होती. पदराच्या काठावरचा एक धागा ती ओढत होती. अजून एकदा विचारता आलं असतं. अक्कम्माच्या जिभेवर प्रश्न आलाही होता. पण चारचौघांत हसू पिकलेलं होतं, ईश्वरप्पा मिशीत हसत होता, आणि कचेरीच्या माणसाला आपण शिकवलं याची गोडी तोंडात होती.

"नको म्हणती," ती म्हणाली. "आमच्या गावावर अजून तसली वेळ न्हाय आली."

भाऊसाहेबांनी अर्धं लिहिलेलं नाव खोडलं.

दुसरा होता लंगडा सिद्धप्पा. त्यानं दाक्षायणीकडं पाहिलं. गावात तिच्याइतकं गरीब कुणी नव्हतं, आणि तिनं नको म्हटलं होतं. तो म्हणाला, "नडीतद." तिसरीनं तेच म्हटलं, चौथीनंही तेच. सहाव्या माणसापर्यंत भाऊसाहेबांना तो शब्द पाठ झाला, अक्कम्माची गरजच उरली नाही. वही मिटून ते म्हणाले, "असं गाव मी पाहिलं नाही, आजी."

"पाहून ठेवा," अक्कम्मा म्हणाली.

सोलापुरात येऊन बाकड्यावर तिनं ती गोष्ट सांगितली, आणि नंतर गुळाबरोबर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली. नड आणि नडी! मास्तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि त्याच दुपारी त्यांनी पेपराला पत्र लिहिलं. आठ दिवसांनी ते छापून आलं. 'फुकटचे अन्न नाकारणारे स्वाभिमानी गाव.' खाली बारीक अक्षरांत बाळी वेशीतील श्रीमती अक्कम्मा बिराजदार यांचं नाव. मल्लप्पानं ते कापून, काच लावून, दुकानात गल्ल्याच्या वर टांगलं. अक्कम्माला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण आपलं नाव कुठं आहे ती जागा तिला पक्की ठाऊक होती. जाता-येता तिथं नजर जायचीच.

वैशाख संपत आला तेव्हा ईश्वरप्पा गूळ न्यायला आला. चहा झाला. काचेकडं बघून तो म्हणाला, "नाव लई झालं, आत्या."

"झालं तर! गावाचं झालं."

"गावाचं झालं खरं." त्यानं बशी खाली ठेवली. "चूल मात्र शेजारच्या गावाला गेली. रोज दुपारी वारा तिकडनं येतो, आमटीचा वास घिऊन. आमची म्हातारी माणसं पाठ करून बसत्यात."

अक्कम्मानं त्याची बशी उचलून बाजूला ठेवली.

"दाक्षायणी अव्वा खडीवर जाती आता."

"बघ!" अक्कम्मा एकदम ताठ झाली. "या वयात! आणि सरकार म्हणतंय, म्हाताऱ्यांच्यानं हुईत न्हाय."

"मुकादमानं हजेरीवर न्हाय घेतली तिला, आत्या. हातोडा उचलत न्हाय तिच्यानं. नुसती जाती."

"नुसती कशाला?"

ईश्वरप्पानं गुळाचं ओझं खांद्यावर घेतलं. "तूच बघ एकदा यिऊन," एवढंच म्हणाला.

त्या रात्री जेवणात भाकरी होती, शेंगाची चटणी होती, पण अर्धी भाकरी तिनं ताटातच ठेवली. सुनेनं विचारलं तर म्हणाली, चटणीत मीठ जास्त झालंय. मीठ बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं ती निघाली. वळसंगच्या पुढं रस्त्याचं काम चाललं होतं, तिथंच उतरली. दोन्ही अंगाला खडीचे ढीग, ढिगाढिगापाशी बाया आणि गडी, डोक्यावर फडकी, आणि हातोड्यांचा आवाज. नुकतीच सुकडी, दुष्काळी कामावरचं भाजलेल्या पिठाचं खाणं, वाटून झाली होती. हजेरीवर असेल त्याला ओंजळभर. सुकडीत गूळ असतो. पन्नास वर्षं गुळात काढलेल्या अक्कम्माला तो वास लांबूनच आला.

आणि मग तिला दाक्षायणी दिसली. काखेत मातीची घागर, हातात पेला. एका ढिगापाशी जायची, पाणी द्यायची. तिथली बाई पाणी प्यायची आणि आपल्या ओंजळीतली चिमूटभर सुकडी तिच्या पदरात टाकायची. मग पुढचा ढीग. ती मागत नव्हती, कुणी नाही म्हणत नव्हतं. एका गड्यानं चिमूट टाकली नाही, तर ती थांबली नाही, पाणी देऊन गेली. पदराचं ते टोक एवढंसं फुगलेलं होतं.

दिवसभर खडी फोडून ज्यांना ओंजळभर मिळत होतं, त्यांच्या ओंजळीतून.

अक्कम्मानं हाक मारली. दाक्षायणी वळली, आणि पहिल्यांदा काय केलं तर पदराचं टोक कमरेला खोचून टाकलं.

"अक्का! उन्हाची कुटं आलीस?"

"काय हे, दाक्षू?"

"पाणी देते. लोक तहानलेले असत्यात."

दोघी एका ढिगाच्या सावलीला बसल्या. कानडीतच बोलत होत्या. मघापासून अक्कम्माच्या तोंडात एक प्रश्न होता, तो तिनं थुंकून टाकावा तसा टाकला.

"त्या दिवशी तू मला खरं का नाही सांगितलंस? मी एवढं विचारलं!"

"तू विचारलंस म्हणूनच."

"म्हणजे?"

"दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुझ्यापुढं नड कशी म्हणू? आपण गजगे खेळलो. वरच्या कट्ट्यावर तू, खाली मी, आणि सगळं गाव बघतंय." ती घागरीच्या काठावर बोट फिरवत होती. "मला वाटलं, तुला कळेल. इतकी वर्षं तेच सांगते आहे. तोंड बघून एखाद्या दिवशी तरी कळेल."

अक्कम्माच्या पायाखालची खडी टोचत होती. ती हलली नाही.

"शब्द मी बरोबर सांगितला होता," ती म्हणाली. म्हणताना तिचं तिलाच कसंतरी झालं.

"व्हय की. शब्द बरोबरच सांगितलास."

"चल माझ्या घरी. आत्ता. सोलापूरला. दोन खोल्या रिकाम्या हाईत. सून गुणाची हाय, मल्लप्पा तुला अव्वाच म्हणेल. माझ्या ताटात जेव. आपल्या माणसाला आपण बघायचं, मी रोज बोलते हे. रोज!"

दाक्षायणी हसली. त्या दिवशी देवळात हसली तशी नाही, लहानपणी गजगा चुकल्यावर हसायची तशी.

"रागावू नकोस, अक्का. पण तुझ्या ताटातलं पचायचं न्हाय मला. तू एक दिवस बोलशील. मनात न्हाय ठेवायचीस तू, तुझा स्वभाव न्हाय तो. बाकड्यावर बसून कुणाला तरी सांगशील, मी दाक्षायणीला आणली, दाक्षायणीला सांभाळते. खरंच असंल ते. पण मला ते ऐकायला लागंल." ती उठली, घागर काखेला मारली. "सरकारचं अन्न बरं असतं. सरकारला जीभ न्हाय."

आणि पेला घेऊन ती पुढच्या ढिगाकडं गेली.

अक्कम्माला आजवर पुष्कळांनी तोंडावर बोलून पाहिलं होतं. व्यापारी, दीर, म्युनिसिपालिटीचा मुकादम. प्रत्येकाला तिनं सव्वा हात लांब उत्तर दिलं होतं. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून तिनं दाक्षायणीला द्यायचं उत्तर शोधलं. आपण बोलत होतो ते चूक होतं का? चूक नव्हतं. आपल्या माणसाला आपणच बघायला पाहिजे. मग दर चैत्रात दारात उभं राहून, हातावर गुळाचा खडा ठेवून, पुढच्या घरी जाणारी ती कोण होती? सरकार तर नव्हतं ना ते.

सकाळी मास्तरांनी पेपर उघडायच्या आत ती म्हणाली, "मास्तर, आज वाचू नका. कचेरीत चला माझ्याबरोबर."

कचेरीत रावजी भाऊसाहेबांनी उठून खुर्ची दिली. त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली तेच कात्रण होतं.

"या, आजी! साहेबांनासुद्धा दाखवलं मी हे."

"ते काढा तितनं," अक्कम्मा म्हणाली. ती खुर्चीवर बसली नाही. "भाऊसाहेब, तुमी त्या दिवशी बरोबर लिहीत होता. नड हाय असं तुमाला ऐकू आलं, ते बरोबर ऐकू आलं. मी शब्द बरोबर सांगितला आणि बाई चुकीची सांगितली."

भाऊसाहेबांना कळायला वेळ लागला. मास्तरांना लगेच कळलं. ते भिंतीवरच्या नकाशाकडं बघायला लागले. पत्र त्यांनीच लिहिलं होतं.

"पण तेरा जण आणखी होते, आजी. सगळेच नको म्हणाले."

"पहिली नको म्हणाली म्हणून. आणि पहिली नको म्हणाली ती माझ्यामुळं." तिचा आवाज नेहमीसारखा चढत नव्हता. "फुकटाचं मला अजून पटत न्हाय. धडधाकट माणसाला देशीला तर मी पुन्हा भांडीन, हितं यिऊन भांडीन. पण ज्याच्यानं हातोडा उचलत न्हाय त्याला कोण बघणार? बघायचं होतं ते आमी. आमी न्हाय बघितलं. मग तुमी तरी बघा."

भाऊसाहेबांनी वही उघडली, मिटली. शेजारच्या गावाची चूल हलवता येणार नाही म्हणाले. पण नवी पाहणी करून दहा नावं आली तर वर पाठवतो, पंधरा दिवसांत होईल. "बुधवारी येतो. तुम्ही या कट्ट्यावर, मागच्यासारख्या."

"मी न्हाय," अक्कम्मा म्हणाली. "मी समोर असले की त्यांच्या तोंडातनं खरं निघायचं न्हाय. कानडी मास्तरांना येती. मास्तर येतील."

बुधवारी ती गेली खरी, पण गावात शिरली नाही. फाट्यावर लिंबाखाली बसून राहिली. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गोष्टीचा निकाल तिच्याशिवाय लागत होता. दोनदा ती उठून उभी राहिली. देवळाचा कळस तिथून दिसत होता. हाकेवर. दोनदा परत बसली. कुणी ओळखीचं गेलं तर विचारायचं, "आत्याबाई, हितं का?" ती म्हणायची, "गाडीची वाट बघते." गाड्या येत होत्या, जात होत्या.

ऊन कलल्यावर मास्तर आले. धोतराला धूळ, चेहरा दमलेला.

"अकरा," ते म्हणाले.

अक्कम्मानं श्वास सोडला. मग हळूच विचारलं, "दाक्षायणी?"

"पहिलीच होती की. मी विचारलं, कसं काय चाललंय." मास्तर थांबले. "नडीतद म्हणाली."

"पुन्हा?"

"पुन्हा तेच. भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी कानडी शिकवण्यात तीस वर्षं काढली, अक्का. मी गप्प बसलो. काही बोललोच नाही. त्यांनी लिहून घेतलं, नड आहे म्हणून. तिनं अंगठा दिला. मग मागचे सगळे बोलायला लागले, खरं काय ते."

गाडी आली. अक्कम्मानं मास्तरांना खिडकी दिली. हेही पहिल्यांदाच.

"मास्तर, पेपराला पत्र लिहा. मागचं खोटं होतं म्हणून. माझं नाव घाला खाली. तेवढंच मोठं."

"लिहितो की."

त्यांनी लिहिलं, मजकूर तिला वाचून दाखवला, तिनं दोन ठिकाणी आणखी कडक करायला लावला. पत्र गेलं. गावात चूल पेटली. ईश्वरप्पा येऊन सांगून गेला, देवळामागं आता रोज अकरा ताटल्या लागतात. काचेतलं कात्रण अक्कम्मानं उतरवून गुळाच्या पोत्यांमागं ठेवलं. भिंतीवर तेवढीच चौकोनी पांढरी जागा राहिली. तिथं काही लावू या का, असं मल्लप्पानं विचारलं, तर नको म्हणाली.

बाकड्यावर सकाळी कारभार पुन्हा सुरू झाला. मंत्री, मोटारी, कालवे, कर. अक्कम्मा निकाल देते. जीभ आहे तशीच आहे, तिचं काय करणार? फक्त पेपर उघडला की मास्तरांना ती आधी वाचकांच्या पत्रांचं पान काढायला लावते. मास्तर वरपासून खालपर्यंत बोट फिरवतात.

"आलंय का?"

"आज नाही, अक्का."

"उद्या बघा," ती म्हणते, आणि मग त्यांना पहिल्या पानाकडं वळू देते.